आर्किटेक्चरसाठी लॅपटॉप घेताना: कर्जाच्या अर्जापासून रेव्हिटपर्यंत

आर्किटेक्चरला प्रवेश पक्का झाला की आठवड्याभरात घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. नातेवाईक सांगतात एक, दुकानदार दाखवतो दुसरंच, आणि पोरांच्या ग्रुपवर फिरणारी यादी बघून आईबापाच्या पोटात गोळा येतो. माझी लेक ऑगस्ट २०२४ मध्ये कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) पुण्याच्या एका कॉलेजात बी.आर्क.ला लागली. हे लिहितोय तेव्हा नोव्हेंबर २०२५ आहे, तिचं तिसरं सेमिस्टर चालू आहे. लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि बँक या तिन्हीतून आम्ही नीट बाहेर आलो. सोलापूरच्या पूर्व भागातले आणि जुळे सोलापुरातले काही पालक मला फोन करून विचारतात, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

मी चादरी आणि टॉवेलच्या मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डसाठी डिझाइनचे ग्राफ काढतो. पूर्वी कागदावर काढायचो, आता कॉम्प्युटरवर. त्यामुळं मशीनची भीती नव्हती, पण आर्किटेक्चरची सॉफ्टवेअरं माझ्यासाठी पूर्ण नवी होती.

सुरुवात फीपासून करतो, कारण लॅपटॉपचं बजेट तिथंच ठरलं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. आधी ही सवलत निम्मी होती. आमची लेक त्यात बसली. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आधार बँकखात्याला जोडलेलं असलं पाहिजे. उत्पन्नाचा दाखला बारावीचा निकाल लागायच्या आधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. मात्र हॉस्टेल, मेस आणि कागद-पेन्सिलीपासून लॅपटॉपपर्यंतचं सामान या माफीत येत नाही. म्हणजे आमच्यापुढं हॉस्टेलखालोखाल सगळ्यात मोठा एकरकमी खर्च लॅपटॉपचाच होता.

कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला, "पप्पा, बऱ्याच जणांनी लॅपटॉप घेतला." मी तिला म्हटलं, आधी एखाद्या सीनिअरला विचार की पहिल्या सेमिस्टरला कशावर काम असतं. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं तिला स्वच्छ सांगितलं की पहिलं सेमिस्टर पूर्ण हाताचं आहे. ड्रॉइंग बोर्ड, पॅरलल बार, सेट स्क्वेअर, रोट्रिंग पेनं, ए१ मापाच्या कार्ट्रिज शीट, ट्रेसिंग, बटर पेपर आणि मॉडेलसाठी माउंट बोर्ड, सनबोर्ड, कटर. कॉम्प्युटरवर काढलेलं शीट पहिल्या सेमिस्टरला सर घेतच नाहीत. या सामानाला ९ हजारांच्या आसपास गेले, आणि लॅपटॉप आम्ही पुढं ढकलला.

हा निर्णय मला आजही फार मोलाचा वाटतो. आर्किटेक्चर पाच वर्षांचं आहे. मशीनवर खरा ताण येतो तो दुसऱ्या वर्षापासून. ऑगस्टमध्ये घाईनं घेतलेला लॅपटॉप सहा महिने कपाटात पडून राहतो आणि वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून चालू होते. प्रत्येक कॉलेजाची पद्धत वेगळी असते, काही ठिकाणी पहिल्याच सेमिस्टरला स्केचअप हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर सुरू करतात. म्हणून तुमच्या कॉलेजातल्या सीनिअरला विचारा, दुसऱ्या कॉलेजाच्या यादीवर जाऊ नका.

खरेदी पुढं ढकलली, पण कर्जाचं काम लगेच सुरू केलं. शैक्षणिक कर्जात कॉम्प्युटरही बसतो हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. बँकांच्या संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत फी आणि हॉस्टेलबरोबर अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या कॉम्प्युटरचा खर्चही धरलेला आहे. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि आपल्या पदरची रक्कमही घालावी लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार होतात. म्हणून आम्ही हॉस्टेल आणि लॅपटॉप मिळून आकडा ४ लाखांच्या आत बसवला, मेसचा खर्च घरून करायचं ठरवलं.

आम्ही शैक्षणिक कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरला. एकाच फॉर्मवर तीन बँकांपर्यंत अर्ज करता येत होता. त्यानंतर ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ती वरच्या क्रमांकाच्या ठरावीक संस्थांसाठी आहे. आता अर्ज करणाऱ्यांनी आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघावं.

अर्ज ऑनलाइन असला तरी खरं काम शाखेतच होतं. आम्हाला लागलेली कागदं अशी: कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजचं प्रवेशपत्र, पाचही वर्षांचा खर्च लिहिलेलं कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र, दहावी-बारावीची गुणपत्रकं, दोघांचे आधार-पॅन, माझी मागची दोन आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे आणि फोटो. कॉलेजच्या पत्रात लॅपटॉपचा उल्लेख नव्हता. शाखेतल्या अधिकारी बाईंनी सांगितलं, "कॉलेजकडून एक ओळ लिहून आणा की अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर असणं आवश्यक आहे." लेकीनं ते पत्र कॉलेजच्या ऑफिसातून काढून आणलं. त्याला जवळजवळ आठवडा गेला. तुम्ही खर्चाचं पत्र मागतानाच ही ओळ त्यात घालून घ्या.

त्याच बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सोन्यासारखी निघाली. लॅपटॉप कधीही घ्या, पण त्याचा आकडा मंजुरीत आत्ताच धरून घ्या. एकदा मंजुरी झाल्यावर रक्कम वाढवायची म्हटली की सगळी फाइल पुन्हा वर जाते. म्हणून एका दुकानातून अंदाजाचं कोटेशन आणून लॅपटॉपसाठी ९० हजार धरले. गणपतीला लेक घरी आली तेव्हा सह्या केल्या, आणि मंजुरीचं पत्र दसऱ्याच्या सुमारास हातात पडलं. बहुतेक बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. ती आपल्या पत्रात दिसते का ते तिथंच बसून वाचून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत लेक घरी आली आणि आम्ही दोघं लॅपटॉपच्या अभ्यासाला बसलो. पुढच्या वर्षांत कोणकोणती सॉफ्टवेअरं येणार याची यादी तिनं सीनिअरकडून आणली होती. माझ्या धंद्यात आधी डिझाइन ठरतं, त्यावरून जकार्ड किती हुकांचं लागणार ते ठरतं. इथंही तसंच आहे. कंपनी, रंग, ऑफर हे सगळं मागून. लेक कोणत्या वर्षी काय काढणार आहे, ते पहिलं.

दुसऱ्या सेमिस्टरला नकाशे काढायचं ऑटोकॅड आणि स्केचअप. दुसऱ्या वर्षापासून रेव्हिट, म्हणजे अख्ख्या इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर. पुढं कोणी रायनो घेतं, कोणी थ्रीडीएस मॅक्स. रेंडरिंगसाठी, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढायला, ल्युमियन, एनस्केप, डी५ किंवा ट्विनमोशन यांपैकी एखादं. शीट मांडायला फोटोशॉप, इनडिझाइनसारखं काहीतरी. ही यादी समोर ठेवली आणि प्रत्येकाला काय लागतं ते त्यांच्या साइटवर वाचत गेलो. साधं टूडी ऑटोकॅड मध्यम मशीनवरही चालतं. रेव्हिटमध्ये मॉडेल करताना बरंचसं काम प्रोसेसरमधल्या अनेक कोअरपैकी (गणित करणाऱ्या भागांपैकी) एकाच कोअरवर चालतं, म्हणून तिथं कोअर किती यापेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा, आणि रॅम किमान १६ जीबी. ल्युमियन, डी५, ट्विनमोशन यांचा मात्र सगळा भार ग्राफिक्स कार्डावर आणि त्याच्या स्वतःच्या मेमरीवर. म्हणजे पैसे कुठं घालायचे हे यादीनंच सांगितलं.

भाच्यानं मॅकबुक सुचवलं होतं. तो स्वतः वापरतो आणि त्याची बॅटरी खरंच दिवसभर जाते. ऑटोकॅड, स्केचअप, रायनो, आर्किकॅड मॅकवर चालतात. पण रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर आहेत, ल्युमियनही. जुन्या इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प लावून विंडोज चालवता यायचं, एम मालिकेच्या चिपवर ती सोय नाही. ज्यांच्या कॉलेजात रेव्हिट नाही त्यांनी मॅकचा विचार जरूर करावा. आमच्या यादीत रेव्हिट होतं, म्हणून मॅक बाजूला ठेवला.

डेस्कटॉपचा विचार मी बराच वेळ केला. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, थंड राहतो आणि पुढं भाग बदलता येतात. पण लेक हॉस्टेलला, आणि स्टुडिओत बसून काम दाखवावं लागतं. मुलं घरून ये-जा करत असतील तर डेस्कटॉप आणि चांगला यूपीएस हा पर्याय आजही माझ्या मनात वरचा आहे.

एका ओळखीच्यानं रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण नीट करून पुन्हा विकायला काढलेला, वर्कस्टेशन लॅपटॉप दाखवला. दणकट आणि किंमत निम्मी. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर होता. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे मायक्रोसॉफ्टनं आधीच जाहीर केलेलं होतं. पहिलं वर्ष संपल्यावर काही महिन्यांत जी विंडोज जुनी पडणार, त्यावर पाच वर्षांचं शिक्षण कसं काढायचं? वस्तू वाईट नव्हती, आमच्या कामाची नव्हती.

मग उरलं नवं विंडोज मशीन. यात दुकानात गेल्यावर गोंधळ होतो तो नावांनी. आय-७ चं स्टिकर बघून लोक खूश होतात. पण मागं यू अक्षर असलेला आय-७ हा बॅटरी वाचवण्यासाठी बनवलेला असतो. एच किंवा एचएक्स लिहिलेला आय-५ जड कामात त्याच्या पुढं जाऊ शकतो. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव, पण लॅपटॉपमध्ये ते कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही ताकदीनं बसवलेलं असतं. डब्यावर हा आकडा नसतो, कंपनीच्या साइटवर पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी म्हणून सापडतो. दुकानात पटकन अंदाज घ्यायचा तर चार्जर किती वॅटचा आहे ते बघा. बारीक चार्जर असेल तर कार्डाला पुरेशी वीज मिळणार नाही, हे सरळ आहे.

रॅमबद्दल एकच प्रश्न विचारा: स्लॉट किती आणि रिकामा किती? काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती पुढं वाढवता येत नाही. आम्हाला दोन स्लॉट हवे होते, त्यात १६ जीबीची एक पट्टी आलेली आणि एक जागा मोकळी. फाइली साठवायच्या एसएसडीसाठीही दुसरा स्लॉट आहे का ते विचारलं.

आता स्क्रीन. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा होता. नवी पेठेत आणि सात रस्त्याकडे काही दुकानं बघितली. एका दुकानात दोन लॅपटॉप जवळजवळ सारखे होते. तोच प्रोसेसर, तेच कार्ड, किंमतीत चार-पाच हजारांचा फरक. दुकानदार स्वस्तातला घ्या म्हणत होता. मी पिशवीतून सुताचं शेडकार्ड काढलं. त्या कार्डाचा चांगल्या उजेडात काढलेला फोटो माझ्याकडं पेनड्राइव्हवर होता. तो दोन्हींवर उघडला आणि कार्ड शेजारी धरलं. एका स्क्रीनवर मरून हा मरूनच दिसत होता, दुसऱ्यावर तो विटकरी. गर्द हिरवा फिका पडलेला, आणि राणी कलर तर ओळखू येईना. मग स्पेसिफिकेशन काढून बघितलं. एकाला १०० टक्के एसआरजीबी लिहिलं होतं, दुसऱ्याला ४५ टक्के एनटीएससी. स्क्रीन किती रंग दाखवू शकते याची ही मापं. हा ४५ टक्क्यांचा पॅनेल स्वस्त लॅपटॉपमध्ये फार असतो. गेम खेळणाऱ्याला त्यानं बिघडत नाही. पण ज्या मुलीला विटेचा, लाकडाचा, दगडाचा रंग ठरवून शीट छापायचं आहे, तिला स्क्रीनवर एक दिसून कागदावर दुसरं उमटलं तर ज्युरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवसाच्या) आदल्या रात्री मोठी शीट छापणाऱ्या प्लॉटरवाल्याकडं पुन्हा पैसे मोजावे लागतात. चार-पाच हजार तिथं जास्त गेले तरी चालतील असं आम्ही ठरवलं. तुमच्याकडं शेडकार्ड नसेल तर घरातल्या एखाद्या गडद रंगाच्या साडीचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि साडी बरोबर घेऊन जा.

वजनही हातात धरून बघा. आम्ही घेतलेला १६ इंची लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा आहे, चार्जर धरून तीनच्या पुढं. लेकीला तो पाठीवर घालून दुकानात फिरायला सांगितलं. हुतात्मा एक्सप्रेसमधून पुण्यापर्यंत आणि पुढं बसमधून हॉस्टेलपर्यंत तिलाच न्यायचा होता.

दिवाळीत मशीन ठरलं, तरी घेतलं जानेवारीत, दुसरं सेमिस्टर तोंडावर आल्यावर. आरटीएक्स ४०५० चं ६ जीबीचं कार्ड, एचएक्सचा आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. बँक पैसे आपल्या हातात देत नाही, थेट दुकानदाराच्या खात्यावर पाठवते. त्यासाठी कोटेशन लागतं, आणि ते दुकानाच्या लेटरहेडवर, जीएसटी नंबरासह, मॉडेलचं पूर्ण नाव, १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवून, दुकानाच्या बँकखात्याचा तपशील आणि विद्यार्थ्याचं नाव असं सगळं घालून. कोटेशनची मुदत आठ-पंधरा दिवसांचीच असते. आमचं कोटेशन शाखेत असतानाच मुदत संपली आणि नवं आणावं लागलं, त्यात दीड हजार वाढले. शाखेत पैसे सोडायला किती दिवस लागतील ते आधी विचारा आणि दुकानदाराकडून महिन्याची मुदत लिहून घ्या. वाढीव १६ जीबी रॅम मी त्याच कोटेशनात घालून घेतली, त्यामुळं तीही कर्जात बसली.

पैसे दुकानदाराला पोचले तेव्हा सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली होती. पार्क चौक, होम मैदान सगळं गर्दीनं भरलेलं, रस्ते बंद. माल पुण्याहून यायला आठवडा उलटून गेला. लेक संक्रांतीला घरी होती म्हणून तिच्यासमोरच डबा उघडता आला.

दुकानातून उठायच्या आधी तासभर काढा. सील उघडताना मोबाइलवर व्हिडिओ केला. डब्यावरचा, लॅपटॉपच्या पोटावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवला. बिल लेकीच्या नावावर असल्याची खात्री केली, कारण बँकेला त्याची प्रत द्यायची असते. पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून मेलेले ठिपके बघितले. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे स्लॉट बघितले. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बिलाच्या तारखेशी जुळते का ते बघितलं. काही वेळा माल गोदामात पडून असतो आणि वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसते. तसं असेल तर बिल अपलोड करून ती सुधारून मिळते. दुसरी रॅम तिथंच बसवून घेतली, पण त्यानं वॉरंटी जात नाही हे आधी दुकानदाराकडून लिहून घेतलं. दुकानदारानं "सगळी सॉफ्टवेअरं टाकून देतो, फुकटात" असंही सांगितलं. ती क्रॅक केलेली असतात. मी नको म्हटलं.

नको म्हणायला कारण भक्कम आहे. विद्यार्थ्यांना यातली बरीचशी सॉफ्टवेअरं अधिकृतपणे मोफत मिळतात. ऑटोडेस्क कंपनी ऑटोकॅड, रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स विद्यार्थ्यांना एकेका वर्षासाठी देते, आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण होतं. खातं काढून आपण विद्यार्थी असल्याचा पुरावा अपलोड करायचा. त्यावर विद्यार्थ्याचं नाव, संस्थेचं नाव आणि चालू वर्षातली तारीख तिन्ही दिसलं पाहिजे. लेकीच्या ओळखपत्रावर वर्ष छापलेलं नव्हतं, म्हणून कॉलेजकडून इंग्रजीत बोनाफाईड घेतलं आणि ते लावलं. खात्यातलं नाव आणि बोनाफाईडवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. वडिलांचं नाव मधे असेल तर दोन्हीकडं असू द्या. दोन-तीन दिवसांत मंजुरीचा मेल आला. या परवान्यावर फक्त शिकण्याचं काम करायचं असतं, पैसे घेऊन बाहेरचं काम करता येत नाही. हे मुलांना नीट समजावून सांगा.

रायनो ९० दिवस पूर्ण मोफत वापरता येतं, त्यानंतर फाइल सेव्ह होत नाही. म्हणून ज्या सेमिस्टरला लागणार त्याच सेमिस्टरला टाका, हौसेनं आधी टाकून दिवस घालवू नका. ट्विनमोशन विद्यार्थ्यांना मोफत आहे, डी५ ची मोफत आवृत्ती आहे, ब्लेंडर तर सगळ्यांनाच कायम मोफत. स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती मोफत आहे, संगणकावर टाकायच्या विद्यार्थी आवृत्तीला वर्षाला पैसे पडतात. शीटसाठी लेक आधी गिंप आणि इंकस्केप वापरत होती. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ॲफिनिटी सगळ्यांसाठी मोफत झालं, ते तिनं आता घेतलंय.

टाकल्यावर एक सेटिंग करायचं राहतं. या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरातलं आणि एक वेगळं कार्ड. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन स्केचअप, रेव्हिट आणि रेंडरच्या सॉफ्टवेअरला हाय परफॉर्मन्स निवडून द्या, नाहीतर पैसे देऊन घेतलेलं कार्ड रिकामं बसू शकतं. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, एनव्हिडियाचा स्टुडिओ नावाचा घ्या.

मे महिन्यात लेक सुट्टीला आली तेव्हा सोलापूरचा उन्हाळा या मशीनला पहिल्यांदा भेटला. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत डी५ वर रेंडर लावला की पंखे किंचाळायचे आणि वेग उतरायचा, कारण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर तापले की स्वतःच ताकद कमी करतात. रेंडर पहाटे लावायचं ठरलं, आणि लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उंच करून ठेवली. तेवढ्यानंही फरक पडतो. आमचं घर अशोक चौकाच्या पुढं, आजूबाजूला माग चालतात. हवेत सुताचे बारीक तंतू असतात आणि ते पंख्याच्या जाळीत जाऊन बसतात. आठवड्याला मऊ ब्रशनं जाळी साफ करतो, आणि दिवाळीत सर्व्हिस सेंटरमधून आतून साफ करून घेतला. गादीवर ठेवून काम करायचं नाही, हे लेकीला पाठ झालंय. वीज येते-जाते म्हणून सर्ज प्रोटेक्टरची पट्टी घेतली.

तिसऱ्या सेमिस्टरला रेव्हिट आलं. तिथं एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ग्रुपचं काम असेल तर सगळ्यांनी एकाच वर्षाची आवृत्ती टाकावी, आणि ती कॉलेजच्या लॅबमध्ये जी आहे तीच असावी. ५१२ जीबीची एसएसडी या सेमिस्टरमध्येच निम्म्याच्या वर भरली. बॅकअपसाठी १ टीबीची बाहेरची डिस्क आहे, रविवारी रात्री कॉपी करायची असा नियम ठेवलाय.

हिशेब सांगतो. लॅपटॉप ८४,५०० आणि जादा रॅम ४,२००, दोन्ही कर्जातून. वॉरंटीची मुदत वाढवून त्यात अपघाती नुकसान घालायला ६,८००, बाहेरची डिस्क ५,०००, सर्ज प्रोटेक्टर ९०० आणि माउस ६५०, हे घरातून. सगळं मिळून १ लाख २ हजारांच्या आसपास. माउस चांगला घ्या, टचपॅडवर ड्राफ्टिंग होत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण आम्ही हॉस्टेलमुळं घेतलं. ते खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच घेता येतं, म्हणून बिलाबरोबरच विचारा.

कर्जाचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षानं सुरू होतील. तोपर्यंतचं व्याज मी महिन्याच्या महिन्याला भरतोय, त्यामुळं ते मुद्दलावर चढत नाही. जुनी करपद्धत निवडणाऱ्यांना या व्याजावर कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, बँकेकडून दरवर्षी व्याजाचा दाखला मागून घ्या. ऑटोडेस्कचं नूतनीकरण जानेवारीत येतंय, त्यासाठी नव्या वर्षाचं बोनाफाईड लेकीनं कॉलेजात मागितलंय. चौथ्या सेमिस्टरच्या आधी दुसरी एसएसडी बसवायची आहे, स्लॉट मोकळाच आहे.